टर्नबकलच्या टर्मिनलवरचा तपकिरी ठिपका: पुसायचा की केबल काढायची?

प्रश्न थोडक्यात असा. विदर्भातल्या एका फ्लाइंग स्कूलच्या हँगरमध्ये जुनं पायपर पीए-२८ (एका इंजिनाचं छोटं विमान) वार्षिक तपासणीसाठी उघडलंय. विमानाची आधीची बरीच वर्षं मुंबईत, समुद्राच्या अगदी जवळ गेलेली. स्टॅबिलेटर म्हणजे नाक वर-खाली करणारा शेपटीचा आडवा पंख; शेपटीतल्या त्याच्या केबलच्या टर्नबकलपाशी (केबलचा ताण जुळवायची आट्यांची जोडणी), टर्मिनलच्या, म्हणजे केबलच्या टोकाच्या धातूच्या फिटिंगच्या, दांड्यावर टाचणीच्या डोक्याएवढा तपकिरी ठिपका दिसला. केबलवरून फडकं फिरवून झालं, एकही तार अडकली नाही. वरिष्ठ म्हणाले, ‘स्टेनलेस आहे रे, गंजत नाही. स्कॉचब्राइट मार आणि पुढे चल.’ विचारणारे अजून एएमई (विमान देखभाल अभियंता) लायसन्सच्या परीक्षा देताहेत. त्यांना दोन गोष्टी हव्या आहेत: हा गंज आहे का, आणि असलं टर्मिनल नीट तपासायचं कसं?

आधी उत्तर, मग कारणं. ठिपक्याला स्कॉचब्राइट, म्हणजे घासायची खरखरीत चोथी, लावू नका. टेन्शन उतरवा, टर्नबकल उघडा, टर्मिनल हातात घेऊन दहापट भिंगाखाली चहूबाजूंनी बघा. फडक्याने पुसून ठिपका गेला आणि खालचा पृष्ठभाग अखंड निघाला, तर तो बाहेरून लागलेला डाग. ठिपक्याच्या जागी बारीकसा जरी खड्डा किंवा रेघ दिसली, तर ती केबल बाद. टर्मिनलच्या गंजाला ‘एवढा चालेल’ अशी मर्यादा नसते.

तुमच्या वरिष्ठांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. स्टेनलेस सहसा गंजत नाही, हे खरंच आहे. पण स्टेनलेस हे एका धातूचं नाव नाही, ते मोठं खानदान आहे आणि त्यातला प्रत्येक जण सारखा सज्जन नाही. आपल्या विमानांतली बहुतेक स्वेज केलेली टर्मिनलं, म्हणजे केबलचं टोक आत घालून दाबून पक्की केलेली एमएस २१२६० जातीची, वर्षानुवर्षं ३०३ एसई या स्टेनलेसमधून बनत आली. यातलं एसई म्हणजे सेलेनियम. साधं १८-८ स्टेनलेस (१८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल) लेथवर कापताना चिवटपणा करतं, चिप लांबलचक निघते, हत्यार गरम होतं. थोडं सेलेनियम घातलं की चिप तुटून पडते आणि काम झपाझप होतं. कारखानदाराची सोय झाली, पण ते सेलेनियम धातूत विरघळून जात नाही. सळई ओढताना त्याची संयुगं लांबट, केसासारख्या रेषांच्या रूपात सळईच्या लांबीला धरून बसतात. जिथे अशी रेष पृष्ठभागावर उघडी पडते, तिथे क्रोमियम ऑक्साइडचा संरक्षक पापुद्रा कमजोर असतो. खारट ओल पहिला खड्डा तिथेच पाडते.

खड्डा पडला म्हणून टर्मिनल लगेच तुटत नाही. त्याला ताणही लागतो, आणि तो ताण येतो कुठून, याबद्दल बहुतेकांचा गैरसमज असतो. रिगिंगचं टेन्शन, म्हणजे केबल जुळवताना तिला दिलेला ताण, तसं किरकोळ आहे. १/८ इंची, ७ गुणिले १९ बांधणीच्या (१९ तारांच्या ७ लडी) केबलची तुटण्याची ताकद कार्बन स्टीलमध्ये २,००० पौंड आणि स्टेनलेसमध्ये १,७६० पौंड. रिगिंगचं टेन्शन त्याच्या काही टक्केच. खरा ताण स्वेजिंगने धातूत कोंडून ठेवलेला असतो. १/८ इंची केबलच्या टर्मिनलचा दांडा स्वेज करण्याआधी ०.२५० इंच व्यासाचा असतो, नंतर ०.२१९ इंच. थंड अवस्थेत इतकं दाबलेलं स्टेनलेस आयुष्यभर आतून ताणलेलंच राहतं. विमान उडो की हँगरमध्ये धूळ खात पडो, ताण उतरत नाही.

कच्चा धातू, ताण आणि क्लोराइड ही तीन जमली की जे होतं त्याला स्ट्रेस करोजन क्रॅकिंग म्हणतात. याची खोड अशी की वरून फारसं काही दिसत नाही. साधा गंज पसरतो, फुगतो, पापुद्रे सोडतो, स्वतःची जाहिरात करतो. हा तडा मात्र एका सुईच्या टोकाएवढ्या खड्ड्यातून आत शिरतो, आतल्या आत फांद्या फोडतो आणि बाहेरचा भाग चकचकीतच राहतो. म्हणून तो तपकिरी ठिपका छोटा आहे हा दिलासा मानू नका. या प्रकारात वरती तेवढंच दिसतं.

ही नुसती पुस्तकी भीती नाही. अमेरिकेच्या एनटीएसबी या अपघात तपासणाऱ्या संस्थेने ३०३ एसईच्या टर्मिनलांबद्दल एफएए या तिथल्या विमान नियामकाला २००१ सालीच शिफारसी पाठवल्या होत्या. पुढे २०१३ मध्ये एफएएने पायपरच्या पीए-२८, ३२, ३४ आणि ४४ मालिकांतल्या विमानांसाठी एडी (एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह, बंधनकारक सुरक्षा आदेश) २०१३-०२-१३ काढलं, ते थेट याच विषयावर: स्टॅबिलेटरच्या केबल असेंब्ली निकामी होऊन पिचवरचा, म्हणजे नाक वर-खाली करण्यावरचा, ताबा जाऊ शकतो, म्हणून तपासा आणि खराब निघेल ते बदला. मूळ देशाची एडी आपल्याकडे नियामक असलेलं डीजीसीएही बंधनकारक मानतं, तेव्हा तुमच्या विमानाच्या लॉगबुकात याची नोंद असायलाच हवी. ती काढून वाचा, आणि नुसतं ‘पूर्तता केली’ एवढ्यावर थांबू नका. त्या तारखेची वर्कशीट मिळाली तर टर्नबकलची क्लिप (ते आपोआप फिरू नये म्हणून लावलेली तारेची अडक) काढून नवी लावल्याचा उल्लेख आहे का, स्टोअरमधून नव्या क्लिपा निघाल्या का, ते बघा. क्लिप न काढता ही तपासणी पूर्ण होत नाही. क्लिपांची नोंदच नसेल, तर ती तपासणी कशी झाली असेल याचा अंदाज तुम्हीच करा.

ऑस्ट्रेलिया तर आणखी पुढे गेली. तिथल्या कासा या विमान नियामकाने एडी/जनरल/८७ काढून अशा टर्मिनलांच्या मुख्य कंट्रोल केबलींना थेट १५ वर्षांची मुदत घातली. दिसायला कितीही छान असो, मुदत भरली की केबल काढायची. हा नियम आपल्याला लागू नाही. तरी त्यामागचा विचार मला पटतो. ही झीज तासांवर चालत नाही, कॅलेंडरवर चालते. फ्लाइंग स्कूलमध्ये आपण सगळं तासांत मोजतो, ५० तास, १०० तास, ओव्हरहॉलला उरलेले तास. त्या हिशेबात २०२० साली लॉकडाऊनमध्ये महिनोन्‌महिने उभं राहिलेलं विमान ‘कमी वापरलेलं’ ठरतं. टर्मिनलच्या हिशेबात ते फक्त आणखी जुनं झालेलं असतं, आणि पावसाळाही त्याने उभ्यानेच काढलेला असतो.

आता तुमच्या विमानाच्या मुंबईच्या वर्षांबद्दल. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे बारीक कण असतात, ते विमानाच्या सगळ्या पोकळ्यांत जाऊन बसतात. मिठाचा गुण असा की हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते आपणच पाणी ओढून घेतं आणि खारट थेंब बनतं. कोकणपट्टीत पावसाळ्यात आर्द्रता याच्या वरच असते, आणि एरवीही पहाटेपर्यंत तिथे पोचते. म्हणजे पाऊस थेट आत आला नाही तरी टेल कोनमधलं, म्हणजे शेपटीच्या पोकळ भागातलं, टर्मिनल रोज रात्री खारट ओलीत. बाहेरून विमान धुतलं जातं, टेल कोन आतून कोण धुतो? विमान विदर्भात आलं म्हणून ते मीठ काही नेरळला उतरलं नाही. खड्ड्यात अडकलेलं क्लोराइड तिथेच असतं आणि नागपूरकडच्या पावसाळ्यात पुन्हा जागं होतं.

आधी कुठे बघायचं हेही सांगतो. पीए-२८ मध्ये मागच्या बॅगेजच्या कप्प्यामागचं पॅनल काढलं की टेल कोनमध्ये डोकं घालता येतं. तळाची ड्रेन होल आधी तपासा. ती मातीने किंवा जुन्या सीलंटने बुजलेली असतील तर आत पाणी साचत होतं हे नक्की. उंदराच्या लेंड्या किंवा घरट्याचा काडीकचरा दिसला तर अधिक सावध व्हा. उंदराचं मूत्र ॲल्युमिनियम खातंच, पण टर्नबकलचं बॅरल पितळेचं असतं आणि पितळेला अमोनियाचं वावडं आहे. हे जुनं दुखणं आहे आणि ते आपल्याच भूमीवर नजरेस आलं: ब्रिटिश काळात हिंदुस्थानातल्या फौजेची पितळी काडतुसं तबेल्यांजवळ ठेवली की पावसाळ्यात आपोआप तडकायची. घोड्यांच्या मुताचा अमोनिया आणि काडतुसं बनवताना पितळेत राहिलेला ताण, यांची ती करामत होती हे १९२१ च्या सुमारास सिद्ध झालं. तेव्हा टर्मिनलं बघताना बॅरलकडेही नजर टाका.

टर्नबकल उघडण्याआधीची तयारी घाईत उरकू नका. पायलटच्या बाजूला ‘कंट्रोल उघडे आहेत’ अशी पाटी लावा. टेन्सिओमीटरने आहे ते टेन्शन आणि हँगरचं तापमान लिहून ठेवा. बॅरलच्या दोन्ही बाजूंना किती आटे बाहेर आहेत ते मोजा, मोबाइलवर फोटो काढा. स्टॅबिलेटर आणि कॉलम (पायलटच्या हातातलं कंट्रोल) मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे अडकवा. केबल सैल पडली की पुलीवरून उतरून गार्डपिनच्या बाहेर जाऊ शकते आणि परत ताणताना तशीच चिरडते. त्यासाठी पुलीपाशी केबल ब्लॉक लावा किंवा कुणाला तरी धरायला सांगा.

मग क्लिपा. या एमएस २१२५६ क्लिपा एकदा काढल्या की फेकायच्या, परत वापरायच्या नाहीत. जुन्या विमानात क्लिपांऐवजी लॉकवायर गुंडाळलेली सापडेल. कुणीतरी वरून टेप मारलेली किंवा प्लॅस्टिकची नळी चढवलेलीही सापडेल. ही सगळी आवरणं उतरवा. ठिपका उघड्या जागी दिसला हे तुमचं नशीब. खरा धोका आवरणाखाली असतो, कारण तिथे ओल अडकते आणि ऑक्सिजन पोचत नाही. स्टेनलेसचा संरक्षक पापुद्रा दुरुस्त व्हायला ऑक्सिजन लागतो, तो नसला की धातू उघडा पडतो. लॉकवायरचे वेढे जिथे टर्मिनलच्या दांड्यावर घट्ट बसलेले असतात, ती जागा मी सगळ्यात आधी बघतो.

टर्मिनल हातात आलं की ते स्वच्छ करा. लिंट न सोडणारं सुती फडकं घ्या, त्याला अगदी थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा आणि फक्त टर्मिनल पुसा, केबल नाही. टर्मिनलमधून केबल जिथे बाहेर येते, त्या तोंडाकडे ओल जाऊ देऊ नका. केबलच्या तारांमध्ये कारखान्यात भरलेलं वंगण असतं. सॉल्व्हंट केशाकर्षणाने आत शिरला की वंगण धुऊन काढतो आणि केबल आतून कोरडी पडते. स्टील वूल किंवा लोखंडी वायर ब्रश जवळही आणू नका. त्याचे कण स्टेनलेसमध्ये रुततात आणि आठवड्याभरात त्यांचाच गंज चढतो. तुमचा ठिपका अशाच कुणाच्या जुन्या ‘सफाई’चा असू शकतो, म्हणून आधी पुसून बघायचं. स्कॉचब्राइटला माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. घासल्याने पृष्ठभागावरचा धातू सारवला जातो आणि तड्याचं तोंड झाकून टाकतो. त्यानंतर ते ना भिंगाला दिसतं, ना पेनिट्रंटला (तड्यात शिरून तो उघड करणारा रंग) सापडतं. दोष तसाच राहतो, फक्त पुरावा जातो.

दहापट भिंगाची एक अडचण कागदावर कळत नाही. असल्या भिंगाचं केंद्रांतर साधारण २५ मिलिमीटर असतं, म्हणजे वस्तू डोळ्यापासून एक इंचावर आणावी लागते. टेल कोनमध्ये उताणं पडून, एका हातात टॉर्च धरून, डोळा टर्मिनलपासून एक इंचावर नेणं मला तरी कधी जमलं नाही. जे ‘जागेवरच भिंगाने बघितलं’ म्हणतात, त्यांनी बहुधा भिंग खिशात ठेवून बघितलेलं असतं. केबल पुरेशी सैल करून टोक उजेडात आणा. तेवढी सैल होत नसेल तर मोबाइलला जोडायचा छोटा मायक्रोस्कोप किंवा चांगला बोअरस्कोप वापरा, पण दहापटीच्या तोडीचं स्पष्ट चित्र मिळतंय ना, याची खात्री आधी एखाद्या माहितीतल्या बारीक ओरखड्यावर करून घ्या.

उजेड समोरून पाडू नका. समोरच्या उजेडात स्टेनलेस चमकतं आणि सगळंच छान दिसतं. टॉर्च जवळजवळ पृष्ठभागाला समांतर धरा आणि टर्मिनल बोटांत हळूहळू फिरवा. आडव्या उजेडात खड्ड्याची एक कड उजळते, दुसरीकडे सावली पडते. ओरखडा आणि तडा यांत फरक असा: ओरखडा सरळ असतो, त्याचा तळ चमकतो आणि टर्मिनल फिरवलं की तो कधी उजळतो, कधी मंदावतो. तडा काळाच राहतो. तो नागमोडी जातो, मध्येच फुटतो, आणि बऱ्याचदा त्याच्या एका टोकाला तपकिरी डागाचं केंद्र असतं. स्वेजिंगच्या साच्याच्या रेषाही दांड्यावर दिसतात. त्या ठरावीक अंतरावर आणि एकाच दिशेने असतात, एकदा ओळख पटली की फसवत नाहीत.

कुठे जास्त वेळ द्यायचा? केबल आत शिरते ते तोंड, स्वेज केलेला भाग जिथे संपतो ती जागा, दांडा आणि आटे यांच्यामधला खांदा, आणि आट्यांच्या मुळातली पहिली काही वळणं. दांड्यावर लांबीच्या दिशेने जाणारे तडे शोधाच, पण आडवे, दांड्याला वळसा घालणारे तडे जास्त घातक, कारण टर्मिनल त्यांच्यावर सरळ दोन तुकडे होतं. टर्नबकलच्या दोन्ही टोकांची टर्मिनलं बघा, आणि केबलच्या पलीकडच्या टोकाचं फिटिंगही. एका टोकाला ठिपका निघाला, तर त्याच दिवशी बनलेलं, तेवढंच जुनं आणि त्याच हवेत राहिलेलं दुसरं टोक वेगळं कशाला वागेल?

चुंबक लावून निकाल देणारे भेटतील. चुंबक चिकटला म्हणजे स्टेनलेस नाही, असं ते म्हणतात. थंड अवस्थेत ओढलेली स्टेनलेसची तारही चुंबकाला चिकटते आणि स्वेज केलेला दांडाही थोडाफार ओढला जातो, म्हणून या चाचणीवर काहीच ठरवू नका. मॅग्नेटिक पार्टिकल तपासणीही इथे कामाची नाही. डाय पेनिट्रंट तड्यांना उत्तम शोधतो, पण तो केबलच्या तोंडातून आत गेला की वंगणाचं नुकसान करतो आणि आतून परत झिरपत राहून खोटे संकेतही देतो. उत्पादकाच्या सूचनेत सांगितलं असेल आणि एनडीटीचा (भाग न मोडता करायच्या तपासणीचा) प्रमाणित माणूस करत असेल तरच. माझं साधं मत: पेनिट्रंट लावावा इतका संशय आला, तर केबलच बदला. केबलची किंमत त्या वादापेक्षा कमी असते.

आता फडक्याच्या चाचणीबद्दल, कारण तुमच्या हँगरमध्ये सगळा भरवसा तिच्यावर दिसतोय. केबलवरून फडकं फिरवल्यावर तुटलेली तार त्यात अडकते, ही चाचणी चांगली आहे आणि करायलाच हवी. हात उघडा फिरवू नका, तुटलेली तार बोटात मोडते. पुली, फेअरलीड (केबलला वाट देणारं भोक असलेला तुकडा) आणि स्वेज केलेल्या फिटिंगपासूनचा एक फूट, या थकव्याच्या खास जागा आहेत असं एफएएचं मार्गदर्शक पत्रक एसी ४३.१३-१बी सांगतं. बाहेरच्या तारा ४० ते ५० टक्के झिजल्या असतील तर केबल बाद. टेन्शन उतरवलेलंच आहे, तर केबल हलकेच उलटी पिळून लडी उघडा आणि आत डोकावा. आतून गंजाची भुकटी निघाली तर बाहेरून कितीही नीट दिसो, तीही बाद. पण हे सगळं केबलबद्दल झालं. टर्मिनलबद्दल फडकं एक अक्षर बोलत नाही. घरभर दिवे लावून कुलूप न तपासता झोपल्यासारखं ते आहे.

समजा, ठिपक्याखाली खड्डा निघाला. मग पहिली गोष्ट वर्कशीटवर दोष लिहा: कुठली केबल, कुठलं टोक, काय दिसलं, किती पट भिंगाने. सोबत फोटो. तुमच्याकडे लायसन्स नाही, त्यामुळे ते टर्मिनल पास करायची सही तुमची नाहीच. पण दोष नोंदवायला लायसन्स लागत नाही. वरिष्ठांशी वाद घालत बसू नका. भिंग त्यांच्या हातात द्या आणि म्हणा, ‘सर, तुम्ही एकदा बघता का?’ बहुतेक वेळा एवढं पुरतं, कारण भिंगाखालचा खड्डा बघून त्यावर सही करायला कुणाचाही हात अडखळतो. तरीही घासूनच पुढे जा म्हणाले, तर लिहिलेला दोष बंद करायला त्यांना काय केलं ते लिहून सही करावी लागेल, आणि क्वालिटी मॅनेजरपर्यंत तो कागद जाईल. मुख्य कंट्रोलमधला असा दोष सीएआर-१४५ या देखभाल संस्थांच्या नियमाखाली डीजीसीएला आणि उत्पादकाला कळवायचा असतो. निघालेली केबल भंगारात टाकू नका. टॅग लावून, कोरड्या पिशवीत, टर्मिनल न घासता ठेवा.

नवी केबल कुठून आणायची? पायपरची किंवा पीएमए (सुटे भाग बनवायची एफएएची परवानगी) मंजुरी असलेली तयार केबल सगळ्यात सोपी, फक्त वाट बघावी लागते. ऑर्डर देताना टर्मिनल कुठल्या धातूचं आहे ते विचारा आणि उत्पादनाची तारीख मागा. स्टोअरच्या फडताळात पडून राहिलेली केबलही म्हातारी होते, कारण स्वेजिंगचा ताण तिच्यात पहिल्या दिवसापासून आहे. स्थानिक बनवून घ्यायची असेल तर मंजुरी असलेल्या शॉपमध्येच. स्वेज झाल्यावर दांड्याची जाडी गो-नो-गो गेजने (माप मर्यादेत आहे की नाही एवढंच सांगणारं साधन) तपासलेली हवी, आणि केबलच्या ताकदीच्या ६० टक्के भार लावून तीन मिनिटं धरलेली प्रूफ टेस्ट झालेली हवी. २,००० पौंडाच्या केबलला हे १,२०० पौंड होतात. टर्मिनलच्या तोंडाशी केबलवर रंगाची खूण करून भार लावायचा आणि खूण सरकली का ते बघायचं. या चाचण्यांची कागदपत्रं केबलसोबत आली नाहीत, तर केबल घेऊ नका.

बसवताना सगळ्यात जास्त भीती मला जुन्या गंजाची नसते, नव्या रिगिंगची असते. २००३ च्या जानेवारीत अमेरिकेत शार्लट इथे एअर मिडवेस्टचं बीच १९०० डी उड्डाण करताच नाक वर करून कोसळलं, सगळे २१ जण गेले. काही दिवसांपूर्वीच्या मेंटेनन्समध्ये इलेव्हेटरच्या केबलीचं टर्नबकल चुकीचं लावलं गेलं होतं आणि नाक खाली करायला लागणारी इलेव्हेटरची हालचाल अर्धवटच मिळत होती. विमानाचा भारही मागे झुकलेला होता. केबल शाबूत होती, टर्मिनलही. म्हणून नवी केबल लावल्यावर टेन्शन जुळलं एवढ्यावर समाधान मानू नका. स्टॅबिलेटरची वरची आणि खालची हालचाल अंशांत मोजा, थांबे नीट लागताहेत का बघा, आणि कॉलम मागे ओढल्यावर स्टॅबिलेटर बरोबर दिशेला जातोय का, हे बाहेर माणूस उभा करून तपासा.

टर्नबकल लावताना डावे आटे कुठल्या टोकाला हे बॅरलवरच्या खोबणीवरून ओळखा. खोबण असलेलं टोक डाव्या आट्यांचं. दोन्ही टर्मिनलं सारखीच आत गेली पाहिजेत आणि बॅरलच्या बाहेर कुठल्याही बाजूला तीनपेक्षा जास्त आटे दिसता कामा नयेत. मग टर्मिनलवरची खाच बॅरलच्या खाचेशी जुळवून नवी क्लिप सरकवा, तिचा आकडा मधल्या भोकात बसवा आणि ओढून बघा, निसटते का. टेन्शन मॅन्युअलमधल्या तापमानाच्या तक्त्याप्रमाणे जुळवा. ॲल्युमिनियमची बॉडी उन्हात केबलपेक्षा जास्त प्रसरण पावते, त्यामुळे मे महिन्यात दुपारी केबल ताणलेली भासते आणि डिसेंबरच्या पहाटे सैल. तक्ता न बघता मे महिन्यात ‘बरोबर’ केलेलं टेन्शन हिवाळ्यात कमी पडतं. शेवटी डुप्लिकेट इन्स्पेक्शन, म्हणजे दुसऱ्या माणसाने स्वतंत्रपणे केलेली तपासणी, आणि ते करणारा दुसरा माणूस खरोखर दुसरा हवा. ज्याने रिगिंग केलं त्याच्या खांद्यावरून डोकावून सही मारणारा चालत नाही.

टेप परत लावू नका. टर्मिनलवर उत्पादकाने सांगितलेलं गंजरोधक असेल तर ते पातळ लावा, नसेल तर टर्मिनल कोरडं आणि उघडं ठेवा, ड्रेन होल मोकळी ठेवा. एवढं झालं की एलेरॉन आणि रडरच्या केबलीही उघडा. त्यांचीही टर्मिनलं त्याच काळातली आहेत, आणि विमान उघडलेलं असताना हे काम अर्ध्या दिवसाचं आहे. लॉगबुकात प्रत्येक केबलीसमोर पार्ट नंबर, बसवल्याची तारीख आणि टर्मिनल बनल्याचं वर्ष लिहा. पुढच्या वर्षी ते विमान दुसऱ्या कुणाच्या हँगरमध्ये उघडलं जाईल, तेव्हा त्याला वयाचा अंदाज बांधत बसावं लागणार नाही.